आखूड दाव्याची बोट

येलदरी, ११ फेब्रुवारी

ती. सौ. आक्कास,

व्यंकटीचा नमस्कार. दाजींनाही सांग.

दाजींनी रत्नागिरीहून पाठवलेलं ते रबरी कडं मला खरं कितीला पडलं, ते आधी लिहितो. किंमत चिठ्ठीवर होती, ते पैसे पोचले असतील. पण त्याच्यावर माझा एक अख्खा रविवार गेला. उजव्या अंगठ्याचं नख गेलं. तुझ्या भावजयीची चांगली सतरंजी गेली, कारण बोटीच्या बुडाखाली चिखलात आडवं व्हायला काहीतरी अंथरायला पाहिजे होतं आणि तीच हाताला लागली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ते खर्चात धरायचं का जमेत, ते तूच ठरव. आणि वीस गड्यांचं मटण.

मटणाचं असं झालं. तुमच्या बंदरात बोट पाण्याबाहेर काढायची तर क्रेन येती. आमच्या धरणावर क्रेन कुठली? मी वीस गडी लावले, बुडाखाली गोल लाकडं सरकवली, आणि एका हाकेत बोट काठावर! दाजींना मुद्दाम वाचून दाखव. त्यांना वाटतं, ज्याला समुद्र नाही त्याला बोटीतलं काही कळत नाही.

बाकी काम त्यांनी कागदावर काढून दिलं होतं तसंच केलं. पाण्यातल्या पंख्याचा शाफ्ट बोटीच्या बुडातून आत येतो तिथली जुनी दोरी उपसून काढली. आजवर त्या दोरीच्या फटीतून पाणी आत यायचं आणि दर खेपेला मला डबा घेऊन बसायला लागायचं. शाफ्ट बारीक कागदानं घासून आरशासारखा केला. त्याच्या टोकाच्या खाचेनं नव्या रबराची कड फाटंल म्हणून दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं आणि वरून कडं सरकवलं. लहान पोरीला बांगडी भरतात तसं, न दुखवता. जिंतूरला पंपाच्या दुकानात पाने-पकड उचलायला लागलो तेव्हापासून इतकं गोड काम हाताला आलं नव्हतं. बोट ढकलून पाण्यात घातली, पलीकडं जाऊन आलो. आत एक थेंब नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या पोरीचं, पिंकीचं, लग्न जमतंय. पलीकडच्या काठावरचे योगीराज, त्यांचा मुलगा प्रीतम. पोरगा शाळेवर शिक्षक हाय, कमी बोलतो. सगळ्यांना पसंत, अडलंय ते त्याच्या आजीपाशी. लीलाबाई. म्हातारीनं मुलगी डोळ्यानं बघितल्याशिवाय कुंकू लावून सोयरीक पक्की करायची नाही, असा त्या घरचा कायदा. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, धरणाला वळसा घालून येणाऱ्या रस्त्यानं जीपमध्ये बसू नको म्हणून डॉक्टरनं बजावलंय. लग्नाआधी पोरीला त्यांच्या घरी न्यायची आपल्यात रीत नाही. फोनवर पिंकीचं तोंड दाखवलं तर म्हातारी म्हणाली, "फोनात तर समद्याच बाया चांगल्या दिसतेत."

मग मीच शब्द दिला. म्हटलं, मावशी, तुमाला माझ्या बोटीतून आणतो, पोटातलं पाणी हलणार न्हाई. एप्रिलात दुसऱ्या रविवारी कुंकू धरलंय, मेमध्ये लग्न.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि शेवटी तू ठेवून देतीस. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

तुझा
व्यंकटी


रत्नागिरी, २० फेब्रुवारी

चि. व्यंकटीस अनेक आशीर्वाद.

कागदावर मधे बोलता येत नाही हे खरं, पण नंतर बोलता येतं आणि तेव्हा तू मधे येत नाहीस. त्यामुळे मलाही हेच बरं.

तुझं पत्र तुझ्या दाजींना जेवताना वाचून दाखवलं. क्रेनचं आलं तेव्हा घास तसाच हातात धरून म्हणाले, "वीस माणसांत? एका हाकेत?" मग घास ताटात ठेवला. वीस वर्षं बंदरावर बोटींचे शाफ्ट बसवणारा माणूस तुझं पत्र ऐकून गप्प झाला, याचा तुला आनंद होईल म्हणून लिहिते.

पिंकीचं वाचून डोळे भरून आले. माझ्या हातावर झोपायची ती. मुलगा कमी बोलतो हे उत्तम. आपल्या घरात बोलणारे पुष्कळ झालेत.

आता दाजींचा निरोप, नीट वाच. हे कडं दोरीसारखं थेंब गाळत नाही, आणि म्हणूनच त्याची एक खोड आहे. बोट पाण्याबाहेर असली की त्याच्या पोटात हवा शिरते. पाण्यात घातली तरी ती हवा आतच बसते, आणि रबराला पाणी लागत नाही. कोरडं फिरलं की जळतं. म्हणून पाण्यात घातल्याबरोबर कडं दोन बोटांनी दाबायचं. आधी बुडबुडे येतात, मग चमचाभर पाणी येतं, की सोडायचं. मी ह्यांना म्हटलं, म्हणजे बाळाला दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढतात तेच की. ते म्हणाले, "तेच. लिही तसंच."

तेव्हा ढेकर काढलीस ना? दर वेळी काढायची. कळव.

सतरंजीचं ऐकून वाईट वाटलं. ती मी दिलेली होती. चिखलात अंथरलीस हे वाचून जरा नवल वाटलं, पण ते असू दे.

तुझी
आक्का (दैवशाला)


येलदरी, १४ मार्च

ती. सौ. आक्कास,

घात झाला. कडं जळालं.

ढेकर काढायची चिठ्ठी पहिल्या पार्सलातच होती आणि पहिल्या दिवशी मी ती काढली होती. बुडबुडे आले, पाणी आलं, सगळं दाजींनी सांगितल्यासारखं. त्यानंतर बोट मी एकदाही बाहेर ओढलेली नाही. रोज दोन खेपा. सकाळी मासळी, संध्याकाळी पलीकडं शेतं असलेली माणसं. आणि मागल्या आठवड्यात इंजिन चालू केलं तर मागून आवाज आला. तुला माहीत हाय, माझे कान कसे आहेत. पंप नुसता ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते मी दुकानाच्या दारातून सांगायचो, लोक पैज लावायचे. भाकरी तव्याला चिकटताना करती तसा बारीक चुर्र आवाज. मी इंजिन बंद करेपर्यंत रबराचा वास आला. मग शाफ्टाभोवतून दोरीच्या वेळेपेक्षा जास्त पाणी यायला लागलं. दोरी निदान गुणानं गळायची.

दाजींना राग येऊ नये, पण त्यांना दुकानदारानं नकली माल दिला असंल. आजकाल सगळ्याचीच नक्कल निघती. त्यांच्यावर बोट ठेवत नाही, दुकानदारावर ठेवतो.

बोट तशीच उभी करून ठेवलीय. त्यातच एक उपद्व्याप. पंख्यापासून हातभर अंतरावर टिटवीनं खड्यांत चार अंडी घातलीत. मी नुसतं वाकलो की ती टाळूवर झेप घेती, आणि पिंकी आपल्या बापावरच ओरडती, "दादा, तिकडून पाय ठिवू नका!" लग्न व्हायच्या आधीच पोरगी परक्या बाईची बाजू घ्यायलीय.

पण हसण्यावारी न्यायचं हे नाही, आक्का. योगीराज काल बाजारात भेटले. म्हणाले, "आईनं लुगडं काढून ठिवलंय. रोज इचारती, बोट कवा यायलीय." मी म्हटलं, तयार हाय. दुसरं काय म्हणणार? म्हातारी आली नाही तर कुंकू पुढं, आणि पुढं म्हणजे पावसाळ्यानंतर. तोवर चार लोक चार गोष्टी बोलणार. आणि शब्द मीच दिलेला, माझ्या तोंडानं.  प्रीतमचा फोन आला की पिंकी बोटीकडं जाऊन बसती, अंड्यांपासून लांब, आणि बोटीकडंच बघत बोलती.

दुसरं कडं पाठवता येईल का? अस्सल.

व्यंकटी


रत्नागिरी, २२ मार्च

चि. व्यंकटीस आशीर्वाद.

दुसरं कडं सोबत आहे. पण आधी ऐक.

"नकली" हा शब्द मी वाचायला नको होता, पण वाचून गेले. तुझे दाजी ताटावरून उठले. हातावर पाणी घेतलं आणि ओसरीवर जाऊन पाठ करून बसले. मी म्हटलं, अहो, दुकानदाराला म्हणालाय. म्हणाले, "दुकानात माल मी निवडला. दुकानदार आणि मी वेगळे नाही." झालं. रात्री जेवले नाहीत, सकाळी चहा घेतला नाही. आमच्या घरात असा अबोला शेवटचा कधी झाला ते आठवत नाही, आणि तो तुझ्या रबरी कड्यावरून व्हावा!

मग दुपारी मी एकटीच तुझं पत्र पुन्हा घेऊन बसले. तुझी पत्रं मी दोनदा वाचते. एकदा तू काय सांगतोस ते कळायला, आणि एकदा तू काय सांगत नाहीस ते कळायला. लहानपणी आईला सांगायचास की शाळेत गेलो होतो, आणि पायाला नदीची वाळू असायची.

टिटवीपाशी थांबले. पंख्यापासून हातभर अंतरावर खड्यांत अंडी. व्यंकटी, पंखा पाण्यात असतो. टिटवी काय पाण्यात बुडी मारून अंडी घालते? आपल्या शेतात काढणीनंतरच्या मोकळ्या रानात घालायची ती. म्हणजे तुझी बोट जमिनीवर आहे. आणि तू लिहितोस, एकदाही बाहेर ओढली नाही.

ओसरीवर जाऊन ह्यांना एवढंच विचारलं, "बोट न ओढता जमिनीवर कशी येईल हो?" ह्यांनी वळून पाहिलं. मग असे हसले की शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. म्हणाले, "ओहोटी! त्याच्या धरणाला ओहोटी आहे!" आमच्याकडे रोज दोनदा पाणी जातं, होड्या चिखलात बसतात, हे इथलं पोरगंसुद्धा जाणतं. मला म्हणाले, त्याला विचार, धरणातून खाली पाणी सोडतात का. मी म्हटलं, विचारायचं काय, त्यासाठीच तर धरण. वीज काढतात, कालव्याला पाण्याचं आवर्तन देतात. मग म्हणाले, "आणि तो रात्री बोट बांधतो कशी?" तेही मला माहीत होतं. आपले वडील बैल बांधायचे तशी. खुंटीला, आखूड दाव्यानं, म्हणजे हलायला नको.

त्यांनी आपल्या हातानं चार ओळी लिहिल्यात. लग्नाच्या पत्रिकेशिवाय ह्या माणसानं कुणाला काही लिहिलेलं नाही, जपून ठेव.

"व्यंकटराव, सील नकली नाही. तुम्ही बोट काठाला आखूड बांधता. रात्री पाणी सरकतं, बोटीचं बूड उघडं पडतं, सीलमध्ये हवा जाते. सकाळी तुम्ही ढकलून निघता आणि हवा काढत नाही. ओढून बाहेर काढणं आणि पाणी जाऊन बाहेर राहणं, सीलला दोन्ही सारखंच. बोट म्हणजे बैल नव्हे. खोल पाण्यात नांगर टाका, दोरी लांब सोडा. रोज निघताना हवा काढा. दत्तराव."

हे झालं ह्यांचं. आता माझं एक काम कर. मेमध्ये लग्नाला आम्ही येऊच. ह्यांची फार इच्छा आहे की ज्या वीस गड्यांनी माघात बोट एका हाकेत काठावर ओढली, त्या प्रत्येकाला आमच्याकडून टोपी-टॉवेलाचा आहेर करावा. एवढं काम क्रेन करत नाही म्हणतात. तेव्हा नावं कळव. मला जरा नवल वाटलं, कारण माघात आपल्या गावातला झाडून सारा गडी गंगाखेडकडं ऊसतोडीला गेलेला असतो, आणि गावात म्हातारे नि शेळ्या उरतात. पण तू शोधले असशील.

पिंकीला सांग, टिटवीकडं लक्ष ठेव. ती तुझ्या बापापेक्षा खरं बोलते.

आक्का


येलदरी, १३ एप्रिल

ती. सौ. आक्कास आणि दाजींना साष्टांग नमस्कार.

कुंकू लागलं! काल. पहिली गोष्ट ती. आता सविस्तर लिहितो.

तुमचं पार्सल आलं त्या दिवशीच कडं बसवलं. पुन्हा दुधाची पिशवी, पुन्हा टिटवी डोक्यावर. पण कडं बसवून बोट पाण्यात जाईना, कारण तोवर पाणीच लांब गेलेलं. बोट आणि पाण्याच्या मधे एखाद्या जिरायती तुकड्याएवढी भेगाळ जमीन. गावात माणूस नाही. मी काठावर बसून राहिलो. भावजय तुझी म्हणाली, "आता लावा की वीस गडी." बाई दीड महिना हे वाक्य दाबून बसली होती, आक्का.

पाडवा झाला तरी ऊसतोडीच्या टोळ्या आल्या नव्हत्या. कुंकवाला पाच-सहा दिवस उरले तेव्हा बालाजी मुकादमाची टोळी परतली, बैलगाड्या घेऊन. मी गाड्या सुटायच्या आत रस्त्यातच गाठलं. बालाजी म्हणाला, "मामा, सहा महिने मोळ्या वाहून मान ऱ्हायली न्हाई, अन् तुमी बोट उचलायला सांगायलात?" मी म्हटलं, पिंकीचं कुंकू हाय. तसा त्यानं टोळीला हाक मारली आणि बैलांची तोंडं फिरवली. घरी गाडीतली ट्रंकसुद्धा उतरवली नव्हती त्यांनी.

चौदा माणसं आणि बैलांच्या दोन जोड्या. एका हाकेत वगैरे काही नाही. अर्धा दिवस गेला. लाकडं रुतायची, बैल बिचकायचे, कुणी म्हणायचं डावीकडं, कुणी उजवीकडं. बोट नाकापासून ओढली म्हणजे मागची अंडी बचावली. पिंकी तिथं काठी घेऊन उभीच होती. आणि टिटवी चौदाही जणांच्या टाळूवर झेपावत होती. बालाजी म्हणाला, "ही मुकादमीण आमच्याकडं द्या मामा, पुढच्या साली टोळी नीट चालंल."

बोट पाण्यात पडली तशी मी आधी आत उतरून कड्याची ढेकर काढली. मग लांब दोरी, खोलात नांगर, दाजींनी सांगितल्याप्रमाणं. पहिल्या रात्री झोप आली नाही. बैल मोकळा सोडून आल्यासारखं वाटत होतं.

काल सकाळी पलीकडं गेलो. लीलाबाईंना प्रीतम आणि योगीराजनी खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. मी ढेकर काढायला खाली वाकलो तर म्हातारी म्हणाली, "काय करायलास रं बाबा?"

म्हटलं, "ढेकर काढतो, मावशी."

"कुणाची?"

"बोटीची."

योगीराजचं तोंड पांढरं झालं. म्हातारी मात्र मान हलवून म्हणाली, "काढ. पोट साफ असंल तर वाटंत तरास देत न्हाई."

इंजिन लावलं. मी कान मागं ठेवून बसलो. दाजी, शाफ्ट नुसता फिरत होता, बोलत नव्हता. धरणाच्या मधोमध म्हातारी वाकली, फळीवर तळवा ठेवला, बघितला. कोरडा. तो तसाच योगीराजपुढं धरला आणि म्हणाली, "बघ. अन् तू म्हणत व्हतास, आई, पोहायला येतं का." प्रीतम पहिल्यांदा हसला. हसला की बरा दिसतो.

आपल्या अंगणात खुर्ची ठेवली. पिंकी चहा घेऊन आली. म्हातारीनं चहा बाजूला ठेवायला लावला, तिचा हात धरून जवळ बसवलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "तुझा बाप लय बढाया मारतो म्हणतेत. खरं का?"

आक्का, मी दारात उभा होतो. भावजय चुलीपाशी थांबली. योगीराज जमिनीकडं बघायले. पोरीनं काय म्हणावं? नाही म्हटलं तर खोटं, हो म्हटलं तर बापाची शोभा.

पिंकीनं वर बघितलं आणि म्हणाली, "मारतेत, आजी. पण बोटीत बसवलेलं माणूस पलीकडं पोचवतेत."

म्हातारीनं बाजूला ठेवलेला चहा उचलून एक घोट घेतला. मग योगीराजला म्हणाली, "कुंकू आण. पोरगी बापाला सांभाळून खरं बोलती. आपल्या घरात दोन्ही येणारं कुणी न्हाई."

संध्याकाळी म्हातारीला पलीकडं सोडलं. परत आलो तर टिटवीच्या जागी नुसती टरफलं. पिल्लं कुठं गेली ते पिंकीला माहीत हाय, मला सांगत नाही.

दाजी, "नकली" म्हणालो ते मागं घेतो. तुमचं कडं अस्सल होतं. लग्नाला या, तुम्हाला आमची ओहोटी दाखवतो.

आक्का, टोपी-टॉवेल आण, पण चौदा आण, बालाजीच्या टोळीचे. नावं मागं लिहिलीत. फेब्रुवारीतल्या गड्यांसाठी आणू नको. तेव्हा बोट कुणीच ओढली नव्हती. सकाळी उठून बघितलं तर पाणी खाली गेलेलं होतं.

तुझा
व्यंकटी